आवडीचा रकाना

सभासदाच्या अर्जावर एक रकाना आहे: आवड.
बहुतेक जण तिथे 'वाचन' लिहितात
आणि वर्षभर फिरकत नाहीत.
प्रणित मढवी, इयत्ता नववी, राहणार दिवागाव,
याने तो कोरा सोडला.
मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून
आईच करवादली,
"लिवा, चिंबोऱ्या. दुसरा काय येतं त्याला?"

मी लिहिलं: चिंबोऱ्या.

ऐरोलीच्या या वाचनालयात नऊ वर्षं
मी माणसाला पुस्तक जुळवत आलेय,
ब्लाउजपीसला अस्तर जुळवावं तसं,
उजेडात नेऊन, जरा लांब धरून.
कबुतरं पाळणाऱ्याला टपालाचा इतिहास,
बुलेटवेड्याला लडाख,
गुडघे धरलेल्या सावंतबाईंना गिर्यारोहण.
(त्यांनीच मागितलं. कारण मी विचारलं नाही.)

मग याला काय, समुद्र.
मी परभणीची. समुद्र मला
आधी छापलेलाच भेटला.
चार नंबरच्या कपाटातून वादळं काढली, बेटं,
दीपस्तंभाचा एक एकटा रखवालदार.
आठवड्यात सगळं परत, न उघडलेलं.
उघडलेल्या पुस्तकाची पाठ कुरकुरते,
मला कळतं.

"मना नाय जमत," तो म्हणाला.
अंगठ्यावर नांगीचा जुना व्रण,
नखांत खाडीचा काळा गाळ.
"ही सगली लांबची पानी हायेत."

तेव्हा एक बारकी कादंबरी दिली, खाडीकाठची.
म्हटलं, एकसष्टाव्या पानावर चिंबोऱ्या आहेत,
तेवढंच बघ.
परत आली तेव्हा समासात पेन्सिल होती:
*पुनवेला चिंबोरी पोकल असते.
हा मानूस जेवला काय?*

नियम सात. पुस्तकात लिहिल्यास दहा रुपये.
मी पावती फाडली,
आणि त्याच हाताने पुढचं दिलं, जाडजूड.
"यात किती खोटं आहे, बघ बरं."

मग सुरूच झालं.
अष्टमीला उधाण आणणारा लेखक सापडला.
ऐन ओहोटीत होडी हाकणारा नायक,
*गालात रुतला असता मेला.*
तिवराची सगळी मुळं जमिनीत गाडणारी कवयित्री.
बिळात आकडी सारावी
तसा तो ओळींत शिरायचा,
तिरका, श्वास धरून.
"म्याडम, अजून एक खोटारडा द्या."
खाडीतली खोटी संपली तेव्हा
मी खुनाच्या गोष्टी पुढे केल्या.
*पोलीस असा नाय बोलत.
माजा मामा हाय रबाल्याला.*

सेक्टर सोळातले दातार तक्रार घेऊन आले,
समास नासवलेत म्हणून.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मग आवाज खाली आणून,
"या पोराने आणखी कशाकशात लिहिलंय?
तेवढी काढून ठेवा."

मागच्या शनिवारी एक कोरं आलं.
तीनशे दहा पानं. दोनदा चाळली.
एक रेघ नाही.
पाठ मात्र पार मोडलेली,
दोनशेच्या पुढे कुठेतरी
कालवणाचा पिवळा डाग.

"काय रे, इतकं खरं होतं?"
"नाय," तो दाराकडे बघत म्हणाला,
"बघाचाच रायला."
बाहेर आई हाका मारत होती,
बर्फ वितळत होता पाटीत.

तो गेल्यावर मी त्याचा अर्ज काढला.
चिंबोऱ्यांपुढे एक स्वल्पविराम दिला.
पुढे काय लिहावं, सुचेना.
टेबलावरच ठेवलाय अजून,
पेपरवेटखाली.